अंबुबाचीला कामाख्येला जायचंय? आधी दार कधी उघडतं ते समजून घ्या, मग तिकीट काढा

दरवर्षी जून आला की तेच प्रश्न येतात आणि तीच चूक होते. लोक २२ जूनचं विमान पकडून गुवाहाटीला जातात, २५ला परतीचं तिकीट असतं, आणि कामाख्येच्या नीलाचल टेकडीवर पोचल्यावर कळतं की मंदिर बंद आहे आणि २६ला उघडणार आहे. म्हणजे एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि देवीचं दर्शन नाही. यात कुणी फसवलेलं नसतं, कारण अंबुबाची म्हणजेच देवीच्या रजस्वला होण्याचे, विश्रांतीचे दिवस, त्या दिवसांत दार बंदच असतं, सगळा उत्सव बंद दारासमोरच चालतो. हे आधी डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून कथा-इतिहास बाजूला ठेवून फक्त कसं जायचं, कोणत्या क्रमाने काय करायचं आणि लोक कुठे चुकतात एवढंच लिहितेय.

१. दर्शन हवंय की मेळा, हे घरी बसूनच ठरवा

तीन प्रकारचे लोक जातात आणि तिघांचं प्लॅनिंग वेगळं असतं.

पहिले, ज्यांना मेळा बघायचाय, साधू, तांत्रिक, बंगालचे बाउल म्हणजे गात फिरणारे साधक, देशभरातून आलेली माणसं, ते सगळं वातावरण. त्यांनी २२ ते २५ जायचं, आणि दर्शन होणार नाही हे मान्य करून जायचं.

दुसरे, ज्यांना दार उघडल्या-उघडल्याचंच दर्शन हवंय. त्यांनी २५च्या सकाळपर्यंत गुवाहाटीत असायला हवं आणि परतीचं तिकीट २८च्या आधीचं काढूच नये. या दर्शनाला किती तास लागतील ते कुणीच सांगू शकत नाही, आदल्या संध्याकाळपासून लागलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी दुपार होऊ शकते.

तिसरे, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणारे, लहान मुलं असलेले, किंवा ज्यांना फक्त शांतपणे देवीपुढे डोकं टेकवायचंय ते. त्यांनी अंबुबाचीत जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैच्या मध्यावर जा, शनिवार-रविवार आणि मंगळवार टाळा, तीच देवी, गाभाऱ्यातला तोच झरा (तिथे मूर्ती नाही, शिळेतून पाझरणारं पाणीच देवी), आणि गर्दीत जीव गुदमरत नाही. "पण त्या दिवसांचं पुण्य वेगळं" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच, त्यांना सांगा की त्या दिवसांत दारच बंद असतं.

चेक: घरातल्या सगळ्यांना "तीन दिवस दार बंद असतं" हे माहीत आहे ना? एकालाही माहीत नसेल तर तो माणूस तिथे जाऊन सगळ्यांचा मूड घालवेल, आत्ताच सांगा.

२. तारीख आणि वेळ नीट वाचा

अंबुबाची तिथीवर चालत नाही, सूर्यावर चालते. सूर्य आर्द्रा नक्षत्रात शिरतो तेव्हा सुरू, आणि आर्द्राचा पहिला चरण संपला की समाप्त. आपल्याकडे मृग संपून आर्द्रा लागलं असं शेतकरी म्हणतात ना, तोच मुहूर्त. त्यामुळे नवरात्र किंवा गणपतीसारखी तारीख महिनाभर पुढेमागे होत नाही, दरवर्षी २२ जूनच्या आसपासच येते आणि साधारण साडेतीन दिवस चालते.

सुरुवातीला 'प्रवृत्ती' म्हणतात आणि समाप्तीला 'निवृत्ती'. जाहिरातीत, बातम्यांत, मंदिराच्या सूचनेत हेच दोन शब्द असतात. प्रवृत्तीची वेळ दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकते, २०२४ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास होती, २०२५ला दुपारी तीनच्या सुमारास, आणि लीप वर्षाने हे गणित पुन्हा मागे येतं. म्हणून मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून वेळ ठरवू नका.

सावधान: पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. "२२ जून, रात्री अडीच" असं लिहिलेलं असेल तर आपल्या कॅलेंडरने ती २३ तारीख असते. यात भलेभले चुकतात.

दुसरी गोष्ट, निवृत्ती झाली म्हणजे लगेच दार उघडलं असं नाही. २०२४ला निवृत्ती २५च्या रात्री नऊच्या सुमारास झाली आणि भाविकांसाठी दार २६च्या सकाळी उघडलं. आधी देवीचं स्नान, शुद्धी, नित्यपूजा होते, मग आपला नंबर. तेव्हा निवृत्तीची वेळ आणि दर्शन सुरू व्हायची वेळ या दोन वेगवेगळ्या वेळा लिहून ठेवा, आणि दोन्ही त्या वर्षीच्या मंदिराच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनेतूनच घ्या.

३. तिकीट आणि मुक्काम

रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचं तिकीट एप्रिलच्या शेवटी. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गुवाहाटीला आणि कामाख्या स्टेशनला थेट गाड्या आहेत पण प्रवास दोन दिवसांच्या वर जातो, आणि पावसाळ्यात उत्तर बंगाल-आसामच्या पट्ट्यात गाडी लेट होणं नेहमीचंच, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांनी एक दिवस जास्तीचा धरायचाच. विमानाने जाणार असाल तर बोरझारचा विमानतळ मंदिरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे.

स्टेशनचा घोळ होतो. गुवाहाटी आणि कामाख्या ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. कामाख्या जंक्शन टेकडीच्या जवळ, मालीगावच्या बाजूला, आणि गुवाहाटी स्टेशन शहराच्या मध्यात, मंदिरापासून सात-आठ किलोमीटर. हॉटेलं मात्र बहुतेक गुवाहाटी स्टेशनच्या आसपास, पलटन बाजारात. तर सामान घेऊन थेट कामाख्या स्टेशनवर उतरून "आता हॉटेल शोधू" म्हणू नका, मेळ्यात ते स्टेशन तुडुंब असतं. आधी हॉटेल गाठा, सामान टाका, आंघोळ करा, मग टेकडीकडे निघा.

मुक्काम टेकडीवर हवा असं सगळ्यांना वाटतं. वर धर्मशाळा आणि पुजाऱ्यांच्या घरच्या खोल्या असतात, पण मेळ्यात त्या फार आधी भरतात, आणि वाहनं बंद असल्यामुळे बॅगा डोक्यावर घेऊन चढायला लागतं. खालीच राहा. भरलुमुखचं सोनाराम शाळेचं मैदान, पांडूचा बंदराचा भाग अशा ठिकाणी प्रशासन यात्रेकरूंसाठी मोठे कॅम्प उभारतं, तिथे झोपायची जागा, पाणी, जेवणाची सोय असते. तरुण ग्रुपला ते चालतं, वयस्कर माणसांना रात्रभरच्या पावसात ओल येणाऱ्या मंडपात झोपवू नका.

सावधान: "अंबुबाची व्हीआयपी पास", "पहिल्या दिवसाचं दर्शन बुकिंग", "घरपोच रक्तवस्त्र" (देवीच्या शिळेवरचं लाल वस्त्र) असं विकणाऱ्या साइट आणि नंबर दरवर्षी निघतात. अलीकडच्या मेळ्यांत प्रशासनाने व्हीआयपी पास बंदच ठेवले होते. तेव्हा असा पास आगाऊ पैसे घेऊन कुणी विकत असेल तर फोन ठेवून द्या. एरवी मंदिरात पैसे भरून जायची स्पेशल रांग असते ते खरं आहे, पण मेळ्याच्या दिवसांत त्या भरवशावर जाऊ नका.

४. बॅगेत काय आणि काय नाही

जूनमध्ये गुवाहाटीत पाऊस आणि घाम दोन्ही एकाच वेळी असतात. कोकणातल्या माणसाला अंदाज येईल, पुण्या-नाशिकच्या माणसाला नाही. एकदा मुसळधार कोसळला की शहराच्या सखल भागात गुडघाभर पाणी साठतं आणि रिक्षा मिळत नाही.

कपडे सुती, लवकर वाळणारे, दोन जोड जास्तीचे. बायकांनी रांगेसाठी नऊवारी-सहावारीचा हट्ट सोडून सलवार-कुर्ता घातलेला बरा, गाभाऱ्याच्या पायऱ्या ओल्या आणि अरुंद आहेत, तिथे पदर आणि निऱ्या सांभाळत उतरणं कठीण जातं. साडीच नेसायची असेल तर थोडी वर खोचा. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, म्हणून रेनकोट किंवा पोंचो. चपला जुन्या न्या, कारण त्या काढून ठेवायच्यात आणि परत मिळतीलच असं नाही. ओआरएसची पाकिटं, नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डास पळवायचं क्रीम (पावसाळ्यात आसामात डासांचे आजार गंभीर असतात, याला हलक्यात घेऊ नका), प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि थोडी रोख रक्कम. डोंगरावर लाखो फोन एकाच वेळी असतात, नेटवर्क जातं, यूपीआय अडकतं, सुट्टे पैसे हवेतच.

सोन्याचे दागिने, चामड्याची पर्स, मोठी बॅग, काचेच्या बाटल्या नकोत. मंगळसूत्र सोन्याचं असेल तर काळे मणी घालून जा, देवी काही म्हणत नाही.

ओटीबद्दल वेगळं सांगते कारण आपल्या बायका हमखास विचारतात. ओटी नेता येते, पण तुळजापूर-कोल्हापूरला जशी ताट भरून नेतो तशी नाही. खण, थोडे तांदूळ, हळकुंड, सुपारी असं एका कापडात घट्ट गाठ मारून छोटी पुरचुंडी करा. गाभाऱ्यात थांबायला काही सेकंद मिळतात, तिथे ताट मांडून ओटी भरायला जागाही नसते आणि वेळही. तिथल्या पुजाऱ्याच्या हातात द्यायची, नमस्कार करायचा, पुढे व्हायचं. लाल चुनरी, जास्वंदीचे हार, सिंदूर, नारळ हे सगळं तिथे वाटेवर मिळतं, इथून नारळाचं ओझं नेऊ नका.

५. तब्येत, पाळी आणि मूल व्हावं म्हणून जाणाऱ्यांसाठी

हृदयाचा त्रास, दमा, गुडघ्यांचं ऑपरेशन, बीपी वर-खाली होणं, यातलं काही असेल तर उघडण्याच्या दिवसाची रांग नकोच. गरोदर बायकांनी तर अजिबात नको, कितीही मोठा नवस असला तरी. त्या गर्दीत माणूस खाली बसला तर उठायला जागा मिळत नाही.

पाळीचं. देवीच्याच पाळीचा उत्सव, म्हणून आपल्याला चालत असेल असं बऱ्याच जणी समजतात. पण पाळी चालू असताना गाभाऱ्यात न जाण्याचा रिवाज तिथेही पाळला जातो. मला स्वतःला हे पटत नाही, पण जाण्याआधी माहीत असलेलं बरं, म्हणजे तारखांचा अंदाज घेऊन ठरवता येतं. त्यासाठी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची असेल तर मैत्रिणीने सांगितलेली गोळी नाही, डॉक्टरला विचारूनच. आणि पाळी आली तरी मेळ्यात, टेकडीवर, बाहेरच्या परिसरात फिरायला काही हरकत नसते. जवळ पॅड ठेवाच, प्रवासाच्या ताणाने तारीख पुढेमागे होऊ शकते.

आता मूल होत नाही म्हणून जाणारी जोडपी. तुम्ही किती वर्षं काय काय सहन करून तिथवर पोचता ते मला माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगते. श्रद्धेने जा, मनापासून मागा, पण चालू असलेली ट्रीटमेंट थांबवून जाऊ नका. इंजेक्शनची किंवा आयव्हीएफची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर प्रवास पुढे ढकला, देवळात ऑगस्टमध्येही जाता येतं. आणि मेळ्यात कुणी जवळ येऊन "तुला मूल नाही ना, माझ्याकडे उपाय आहे" म्हणालं तर तिथून निघा. दोघांचे उतरलेले चेहरे वाचायला दिव्यदृष्टी लागत नाही. कुठलीही पूड, काढा, "देवीचं पाणी" म्हणून दिलेलं काहीही तोंडात घालू नका, आणि एकट्या बाईने कुणाच्याही तंबूत खास पूजेसाठी जाऊ नका. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं की समजायचं काय ते.

चेक: ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या खिशात एक कागद, त्यावर नाव, घरच्यांचा नंबर, हॉटेलचं नाव, रक्तगट, चालू औषधं. फोनमध्ये नको, कागदावर.

६. टेकडी चढणं

मेळ्याच्या दिवसांत खाजगी गाड्या वर सोडत नाहीत. खालच्या मुख्य गेटपासून मंदिरापर्यंत रस्ता साधारण तीन किलोमीटरचा चढ आहे. वृद्ध आणि अपंगांसाठी कधी गाड्यांची सोय असते, पण ती त्या वर्षीच्या व्यवस्थेवर, त्यामुळे गेटवरच्या मदत केंद्रात विचारा. दगडी पायऱ्यांची एक जुनी वाटही आहे, मेखेला उजोवा पथ म्हणतात तिला. ती जवळची आहे पण पावसात शेवाळाने निसरडी होते, गुडघे धड असतील तरच.

वर जायचा मार्ग आणि खाली यायचा मार्ग वेगळा ठेवतात. म्हणजे ज्या गेटने चढलात त्याच गेटशी उतराल असं नाही, पांडूच्या बाजूला निघू शकता. म्हणून "चुकलो तर गेटवर भेटू" असं ठरवू नका. भेटायची जागा टेकडीखालची, दोन्हीकडून पोचता येईल अशी ठरवा. हॉटेल सगळ्यात बरं.

निघायची वेळ. तिथे जूनमध्ये साडेचारलाच सूर्य उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला अंधार पडायला लागतो. आपण सातला उठून आठला निघतो तोवर तिथे दिवस चांगलाच वर आलेला असतो आणि ऊन डोक्यावर. पहाटे चारला निघा. चढताना भाषेचं टेन्शन घेऊ नका, हिंदी चालते, पुरुषांना दादा आणि बायकांना बायदेउ म्हटलं की लोक थांबून वाट दाखवतात.

७. दार बंद असतानाचे दिवस

या दिवसांत मुख्य मंदिर बंद, नित्यपूजा बंद. नीलाचलवर भुवनेश्वरी, बगलामुखी, तारा, छिन्नमस्ता अशी महाविद्यांची म्हणजे देवीच्या वेगवेगळ्या रूपांची मंदिरं आहेत, तिथली नेहमीची पूजाही थांबलेली असते. तर "मुख्य बंद तर बाकीची करून घेऊ" हा प्लॅन चालत नाही.

मग लोक करतात काय? बसतात. बंद दाराच्या दिशेने तोंड करून जप करतात, भजन म्हणतात, परिसरात फिरतात, साधूंशी बोलतात. या दिवसांत पृथ्वीच रजस्वला आहे असं मानतात, म्हणून आसामात शेतकरी नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, आणि व्रत पाळणारे शिजवलेलं खात नाहीत, फळं आणि भिजवलेलं धान्य यावर राहतात. तुम्हाला व्रत करायलाच हवं असं नाही, पण टेकडीवर फुलं-पानं तोडू नका, तंबूची खुंटी ठोकायला माती उकरू नका, तिथल्या माणसांना ते लागतं. उपास करायची सवय नसेल तर त्या दमट हवेत, त्या चढावर, उपाशी फिरू नका, भंडाऱ्यात खिचडी मिळते ती खा. पाणी सीलबंद बाटलीचंच.

साधूंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कॅमेरा वर गेला की काही जण पैसे मागतात, काही जण चिडतात, आणि दोन्ही बाबतीत चूक आपलीच. कुणी कपाळाला टिळा लावून, हातात धागा बांधून मग दक्षिणा मागितली तर दहा-वीस रुपये देऊन नमस्कार करून पुढे व्हा, वाद नको. कुणी ओढलेली चिलीम पुढे केली तर हात जोडून नाही म्हणायचं.

सावधान: ब्रह्मपुत्रेत स्नान करायची इच्छा होते. जूनमध्ये नदी फुगलेली असते, काठाजवळचं पाणी संथ दिसतं पण खाली ओढ जबरदस्त. पंढरपूरच्या चंद्रभागेची सवय इथे कामाची नाही. लोटा भरून काठावर अंगावर घ्या, आत उतरू नका.

८. दार उघडण्याचा दिवस: दर्शनबारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून क्रमाने.

आदल्या दिवशी दुपारी झोप काढा. रात्रभर जागून मग रांगेत उभं राहणारे सकाळी नऊला चक्कर येऊन पडतात.

संध्याकाळी पोटभर पण साधं जेवा. टॉयलेटला हॉटेलवरच जाऊन या. रांगेच्या मार्गावर सोय असते पण एकदा जाळीच्या कठड्यात शिरलात की बाहेर पडून परत त्याच जागी येणं जवळजवळ अशक्य. म्हणून बरेच जण पाणीच पीत नाहीत, ती त्याहून मोठी चूक. दर अर्ध्या तासाने दोन घोट, ओआरएसचं.

रांगेत शिरायच्या आधी सौभाग्य कुंडावर जा. मंदिराच्या परिसरातच हे कुंड आहे, पाण्याचा हात-पाय-डोक्याला स्पर्श करायचा, तिथल्या गणपतीला नमस्कार करायचा, मग देवीकडे. गर्दीमुळे पोलीस थेट रांगेत वळवत असतील तर हट्ट करू नका, येताना करा.

चपला, मोबाईल, बॅग याची व्यवस्था रांगेत शिरण्याआधी. ग्रुप असेल तर एकाने आज सामान सांभाळायचं आणि उद्या दर्शन घ्यायचं, ही पद्धत सगळ्यात सुरक्षित. त्या एका माणसाला परत एकट्याने रांगेत जावं लागतं, म्हणून तो तरुण आणि धट्टाकट्टा असावा.

रांग जाळीच्या लांब लांब खोल्यांमधून जाते. बाकडी असतात, पंखे असतात, पण माणसं इतकी की वारा लागत नाही. इथे मधेच आरडाओरडा होतो, कुणीतरी म्हणतं दार उघडलं, आणि मागून लोंढा येतो. त्या वेळी पुढे ढकलायचं नाही, कठड्याला चिकटून उभं राहायचं नाही, दोन्ही हात छातीपुढे कोपरात वाकवून धरायचे म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. काही खाली पडलं तर वाकायचं नाही, चष्मा असला तरी. जीव घाबरायला लागला तर कडेच्या स्वयंसेवकाला हाक मारून बाहेर पडा, दर्शन राहिलं तर राहिलं.

चेक: रांगेत जाताना हातात फक्त ओटीची पुरचुंडी, पाण्याची छोटी बाटली, थोडे पैसे आणि तो कागद. याहून जास्त असेल तर परत फिरा, ठेवून या.

२६लाच हवं असा आग्रह नसेल तर दोन-तीन दिवस थांबा, गर्दी उतरते. एरवी मंदिर भाविकांसाठी सकाळी ८ला उघडतं, १ला नैवेद्यासाठी बंद होतं, अडीचला परत उघडतं आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास बंद. संध्याकाळी ऑफिस सुटल्यासारखं सहाला जाणारे बाहेरूनच परत येतात.

अजून एक. अंबुबाची संपली की देवळात बळी देणं पुन्हा सुरू होतं, बोकड, कबुतरं, कधी रेडाही. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी बळीच्या जागेकडे वळू नये, मुलांना तर नकोच. वाद घालायला आपण तिथे गेलेलो नाही.

९. गाभाऱ्यात

आधी एक दालन लागतं, तिथे कामेश्वर-कामेश्वरीची धातूची चल मूर्ती आहे. बरेच जण हीच देवी समजून सगळं मागून मोकळे होतात आणि पुढे गोंधळतात. इथे नमस्कार करा आणि चालत राहा. मुख्य गाभारा याच्याही खाली आहे, आणि तिथे मूर्ती नाही.

पायऱ्या उतरायला लागलं की उजेड संपतो. तेलाच्या दिव्यांचा पिवळट प्रकाश, दगड ओला, पायाखाली फुलं आणि पाणी. बाहेरच्या उन्हातून आल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही, इथेच पाय घसरतो. एक हात भिंतीला, पाऊल आडवं टाकायचं, पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर. खाली पोचल्यावर शिळेतली खोल फट आहे, योनीच्या आकाराची, वर वस्त्र आणि जास्वंदीचे हार, आणि आतून जमिनीतला झरा सतत पाझरतो. पुजारी हात धरून पाण्यापर्यंत नेतात. वाकायचं, हात त्या पाण्याला लावायचा, तेच हात कपाळाला. ओटी पुजाऱ्याच्या हातात. संपलं, उठायचं.

किती सेकंद मिळतील सांगता येत नाही, म्हणून काय मागायचं ते रांगेतच ठरवून ठेवा. खाली गेल्यावर लोकांना काहीच सुचत नाही, मग बाहेर येऊन रडतात की मागायचंच राहिलं. मोबाईल चुकून बरोबर आला असेल तरी बाहेर काढायचाच नाही, फोटोला बंदी आहे. वर येताना मागे वळून बघत उलटं चालू नका, मागे माणसं असतात.

पुजारी इथले बरदेउरी समाजाचे असतात, आपण त्यांना सरसकट पंडा म्हणतो. ओळखीतून कुणाचा नंबर मिळाला असेल तर पूजेची रक्कम आधीच, फोनवर, स्पष्ट आकड्यात ठरवा, आणि त्यात काय काय येतं तेही. "तुमच्या श्रद्धेने द्या" यावर सोडलं की शेवटी दोघांचंही मन खट्टू होतं.

१०. प्रसाद, वस्त्र आणि सिंदूर

अंबुबाचीचा प्रसाद दोन प्रकारचा, अंगोदक म्हणजे झऱ्याचं पाणी, आणि अंगवस्त्र म्हणजे त्या दिवसांत शिळेवर झाकलेल्या लाल वस्त्राचा तुकडा. यालाच रक्तवस्त्र म्हणतात. आता सरळ हिशोब करा, शिळा केवढी, वस्त्र केवढं, आणि भाविक लाखोंनी. बाजारात टोपल्या भरभरून विकायला ठेवलेलं लाल कापड ते नाही. खरा तुकडा मंदिरातल्या पुजाऱ्यांकडूनच मिळतो, मिळाला तर छोटासाच मिळतो, आणि नाही मिळाला तरी यात्रा अपुरी राहत नाही.

कामिया सिंदूर म्हणजे कामाख्येचं म्हणून विकतात ते कुंकू, त्याचंही तसंच. नवऱ्याला वश करण्यापासून कोर्टाची केस जिंकण्यापर्यंत सगळं त्या डबीत असल्यासारखं सांगून हजारो रुपये घेतात. पूजेसाठी साधी डबी घ्या, भांगात भरण्याआधी मनगटावर लावून बघा, रंगाने पुरळ येणारं बरंच असतं.

अंगवस्त्र मिळालं तर कोरडं करून, स्वच्छ कापडात गुंडाळून देवघरात ठेवतात. काही जण ताईतात घालतात. ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलं तर दोन दिवसांच्या प्रवासात बुरशी धरते.

११. परतीच्या आधी

कामाख्येचा भैरव, म्हणजे देवीच्या जोडीचा शिव, तो उमानंद, ब्रह्मपुत्रेतल्या छोट्या बेटावर. कामाख्येबरोबर तिथेही जायची पद्धत आहे, उजानबाजार-कचारी घाटाच्या बाजूने बोटी सुटतात. पण पाणी वाढलं की बोटी बंद करतात, आणि जूनच्या शेवटी हे कधीही होतं. सकाळी घाटावर विचारून घ्या, बंद असेल तर काठावरूनच हात जोडा, खाजगी होडीवाल्याला जास्त पैसे देऊन अजिबात जाऊ नका.

दर्शन झालं त्याच दिवशी विमान नको. पाय सुजलेले असतात, कपडे ओले, आणि शहरात पाणी तुंबलं तर विमानतळाचा तासाभराचा रस्ता तीन तास घेतो. एक रात्र झोपा. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर साधा व्हायरल म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरला आसामला जाऊन आलोय हे आवर्जून सांगा, म्हणजे डासांच्या आजारांच्या टेस्ट वेळेत होतात.